ब्रेकमास्तरांची बडबड

माझा दादा गाडी चालवायला शिकवायचा. आमच्या भागात त्याला सगळे ब्रेकमास्तर म्हणत. शिकाऊ गाडीत त्याच्या बाजूलाही एक जादा ब्रेक बसवलेला होता आणि त्यावरचा त्याचा पाय कधी चुकला नव्हता. आज इथे ज्यांच्या हातात स्टिअरिंग दिसतं त्यातले निम्मे लोक त्या पायाच्या भरवशावर शिकलेत. मीही त्यातलीच, आणि त्याच्या मते त्याची सगळ्यात ढ विद्यार्थिनी. शाळेच्या फाटकाचा खांब मी पाडला होता. तो खांब त्याने पुढे कायम माझ्या नावाने ओळखला.

पण त्याच्या ब्रेकपेक्षा त्याची बडबड जास्त गाजली होती. शिकवण्याची त्याची एकच रीत. समोर जे दिसेल ते मोठ्याने बोलायचं. सायकल दिसली की ‘सायकल’, खड्डा दिसला की ‘खड्डा’, उभ्या टेम्पोचं दार हललं की ‘दार’. "डोळे बघतात आणि मन भलतीकडे असतं," तो म्हणायचा, "जिभेवर आलं तरच मनाने बघितलं असं समजायचं." विद्यार्थ्यांना लाज वाटायची. बेकरीवाल्या बाई तर खिडक्यांच्या काचा वर करून बोलायच्या. पण त्या शिकल्या, आणि आजतागायत त्यांच्या गाडीला ओरखडा नाही.

त्याची स्वतःची बडबड मात्र शिकवणी संपली तरी संपायची नाही. घरच्या लोकांना घेऊन कुठेही निघाला की सुरू. सायकल, कुत्रा, म्हातारी, सिग्नल पिवळा, पिशवी उडाली. वहिनीचे कान किटले होते. "अहो, एकदा तरी तोंड मिटून चालवा, माणसाला चार शब्द बोलू द्या," ती म्हणायची, आणि तो "समोर ट्रक" एवढंच उत्तर द्यायचा. त्यांच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला, मात्र यात मजा वाटायची. लहानपणापासून त्या दोघांचा एक खेळ होता, ‘आधी कोण’. समोरची गोष्ट जो आधी बोलेल तो जिंकला. ती कायम हरायची. चिडायची, रडायची, पण हा गडी लेकीसाठीसुद्धा कधी मुद्दाम हरला नाही. "रस्ता तुला मुद्दाम जिंकू देणार आहे का?" असं वर सुनवायचा.

आता एका झाकणाबद्दल सांगते. शिकाऊ गाडीच्या डिकीचं झाकण वर राहत नसे. त्याला टेकू म्हणून दादाने एक लाकडी दांडकं ठेवलं होतं. दुरुस्ती करून घे म्हणून वहिनी मागे लागली होती, आणि तो बघू, करू म्हणत होता. एका सकाळी स्टेपनी काढायला तो वाकला, दांडकं सरकलं आणि झाकण थेट डोक्यात बसलं. रक्त नाही, खोक नाही. तो मागच्या बंपरला टेकून थोडा वेळ खाली बसला, मग उठून हसला आणि पुढच्या विद्यार्थ्याला घेऊन गेलासुद्धा. दुपारी जेवणावरून उठून त्याला उलटी झाली. वहिनीने विचारलं, आज कुणाकुणाची शिकवणी झाली, तर त्याला सकाळचं काही आठवेना. तेव्हा तिने मला फोन केला.

हॉस्पिटलात डोक्याचा फोटो काढला. डॉक्टरीण तरुण होती, शांतपणे बोलणारी. फोटो क्लिअर आहे, रक्तस्राव नाही, असं तिने सांगितलं. मग म्हणाली, "पण हा मुका मार आहे. आतला मेंदू हलतो, आणि ते फोटोत दिसत नाही. लक्ष टिकणं, एका वेळी दोन गोष्टी करणं, दिसलं की चटकन हात-पाय हलणं, हे सगळं मंदावतं. पेशंटला स्वतःला ते कळत नाही, हीच मोठी अडचण असते. विश्रांती घ्या. मी तपासून हो म्हणेपर्यंत गाडीला हात लावायचा नाही."

एवढं सगळं ती बोलली. आम्ही घरी घेऊन आलो तो एकच शब्द, क्लिअर. वहिनीने नातेवाइकांना फोनवर तेच सांगितलं, दादाने विद्यार्थ्यांना तेच सांगितलं. या शब्दाचा मला आता इतका राग येतो की कुणी आभाळाबद्दल म्हणालं तरी मी उठून जाते.

पहिले काही दिवस वाईट गेले. उजेड सहन होईना, म्हणून पडदे ओढलेले. भांड्यांचा आवाज झाला की तो कपाळ धरून बसायचा. चहाचं आधण ठेवून विसरायचा. भाचीची परीक्षा कधी आहे हे सकाळी विचारायचा, आणि संध्याकाळी पुन्हा. मग हळूहळू डोकं दुखायचं थांबलं. पडदे उघडले. तो पेपर वाचायला लागला, दाढी रोज करायला लागला, वहिनीच्या आमटीला नावं ठेवायला लागला. पुन्हा दाखवायला जायचं होतं. "बरं झालेलं माणूस डॉक्टरकडे कशाला?" असं म्हणून त्याने ते उडवून लावलं, आणि एका रविवारी सगळ्यांना गाडीत घालून माझ्या सासरी जेवायला घेऊन आला.

त्या रविवारी गाडीतून उतरताना वहिनी इतकी खूश होती की मी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, "ताई, चमत्कार! तुमचे बंधू वाटभर एक अक्षर बोलले नाहीत. झाकण डोक्यावर पडलं आणि तोंडाला कुलूप लागलं. आधीच पाडून घ्यायला हवं होतं." आम्ही पोट धरून हसलो. तोही हसला. हसताना त्याच्या शर्टाची पाठ घामाने भिजलेली होती, आणि दिवस तर गारठ्याचे होते. जेवण झाल्यावर तो आमच्या पलंगावर असा झोपला की हलवूनही उठेना. थकला असेल, आजारातून उठलाय, असं आम्ही म्हटलं. आमच्या घराचं वळण चुकून तो पुढे गेला होता हेही वहिनीने हसतच सांगितलं. ज्या माणसाला इथल्या प्रत्येक गल्लीतला खड्डा पाठ, तो बहिणीच्या घराचं वळण चुकला, आणि आम्ही हसलो. असली चूक आमच्याच घरात होऊ शकत होती. दुसऱ्या कुणाचा ड्रायव्हर गप्प बसला तर त्यात काय विशेष? आमचा बोलायचा थांबला, म्हणजे त्याला बोलणं आणि चालवणं एका वेळी झेपत नव्हतं. वर्षानुवर्षं ज्या बडबडीला कंटाळलो होतो ती गेली, आणि आम्हाला वाटलं, बरं झालं.

भाचीची परवान्याची चाचणी जवळ आली होती. दादाने शिकवण्या पुन्हा सुरू केल्या, आणि पहिली विद्यार्थिनी ही. मला बाजारात जायचं होतं म्हणून मी मागच्या सीटवर बसले. पोरगी छान चालवत होती. हात हलके, आरशात नजर, तोंडाने अखंड जप. बापाची लेक. थोडं पुढे गेल्यावर ती म्हणाली, "बाबा, आधी कोण?"

"चल," तो म्हणाला.

"सायकल!" ती म्हणाली. "बाई, पिशवी घेतलेली! टेम्पो, उजवा इंडिकेटर!" ती एकेक जिंकत गेली. आनंदाने तिचा आवाज चढत गेला. "बाबा, हरताय! आज चक्क हरताय!" तोही बोलत होता, पण तिच्या मागून. मला आधी वाटलं, म्हातारा झाला, शेवटी मऊ पडला लेकीसाठी. मग तो म्हणाला, "सायकल." मी समोर बघितलं. समोर सायकल नव्हती. ती माझ्या खिडकीशी होती, मागे पडत चाललेली, आणि सायकलवाला मला अगदी जवळून दिसत होता. तो मुद्दाम हरत नव्हता. त्याला ती सायकल आत्ता दिसली होती.

मी दादा म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात थांब्यावर उभ्या बसच्या पुढून आमचे लॉन्ड्रीवाले काका बाहेर आले. हातावर इस्त्रीचे शर्ट, हँगरसकट. पोरगी ओरडली, "माणूस!" आणि तिने तेच केलं जे दादाचा प्रत्येक विद्यार्थी करतो. घाबरून आखडली, आणि त्याच्या पायाची वाट बघितली.

धक्का बसला. आणि मग ब्रेक लागला. इतका जोरात की माझं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं. हा क्रम मला आजही तसाच्या तसा आठवतो. पांढरे शर्ट बॉनेटवर पसरले होते आणि त्यातला एक हळूहळू घसरत खाली जात होता.

काका शुद्धीवर होते. कंबरेखालचं हाड मोडलं होतं. दादा त्यांच्याजवळ गुडघ्यावर बसला. त्यांनी त्याच्याकडे बघितलं आणि वेदनेतही नवल वाटल्यासारखं विचारलं, "मास्तर, तुम्ही होतात ना गाडीत?"

दादाने पोलिसांना सांगितलं, "मी वेळेवर ब्रेक दाबला. पोरगी घाबरली, गाडी पुढे गेली." कायद्याने जबाबदारी शिकवणाऱ्याचीच होती, आणि ती त्याने मान खाली घालून घेतली. दंड झाला, काकांच्या औषधपाण्याचं सगळं त्याने बघितलं. पण घरात, जेवताना, पुन्हा तेच. मी वेळेवर दाबला. तो खोटं बोलत नव्हता, आणि हेच तर भयंकर होतं. त्याला माणूस दिसला त्याच क्षणी त्याने ब्रेक दाबला होता. त्याच्यापुरतं ते शंभर टक्के खरं होतं. आणि समोर बसलेली पोरगी ताटात बोट फिरवत म्हणायची, "हो. मी घाबरले."

ती चाचणीला गेली नाही. गाडीत बसेना. बसने जायची, तीही मागे, खिडकीपासून लांब. जी मुलगी रस्ताभर पोपटासारखी बोलायची ती घरातही बोलेनाशी झाली. लॉन्ड्रीच्या गल्लीतून जावं लागू नये म्हणून लांबचा वळसा घालायची. काकांचं दुकान बंदच होतं, आणि इस्त्रीसाठी पाय रोवून दिवसभर उभं राहणं त्यांच्या नशिबात आता नव्हतं.

मी स्वयंपाकघरात वहिनीला गाठलं आणि सायकलचं सांगितलं. ती पोळपाट पुसत होती. पुसतच राहिली. शेवटी म्हणाली, "मलाही वाटलं होतं, ताई. जिन्यापाशी पायरी पायाला लागल्यावर मग थबकतात. पण सांगू कसं? हे एकच येतं त्यांना."

"आणि पोरगी? तिने जन्मभर हे डोक्यावर घेऊन फिरायचं?"

"मग तुम्ही सांगा. तुम्ही बहीण आहात. मला नाही जमायचं."

मी सांगून बघितलं. भांडण झालं. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, पेपर वाचतो, हिशेब जमतात, अजून काय हवं? डॉक्टरकडे चल म्हटलं, तर म्हणाला, "खांब पाडणाऱ्यांनी मला गाडी शिकवू नये." एरवी मी या वाक्यावर हसले असते. त्या दिवशी मी रडले, आणि त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी का रडतेय हे त्याला खरंच कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी माझी गाडी घेऊन गेले. "काकांना बघून येऊ," म्हटलं. तो शेजारी बसला. मी म्हटलं, "दादा, फार दिवस झाले तुझी बडबड ऐकून. बोल ना जरा. मी गप्प बसते."

तो खूश झाला. असा खूश की मला स्वतःचाच राग आला. पाठ सरळ करून बसला आणि सुरू झाला. कुत्रा, म्हणाला. कुत्रा केव्हाच फूटपाथवर चढला होता. सिग्नल हिरवा, म्हणाला. मागचे हॉर्न वाजवत होते आणि मी निघालेही होते. मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. दातांखाली ओठ धरून चालवत राहिले. एवढ्या वर्षांत एवढ्या सावधपणे मी गाडी कधीच चालवली नव्हती. शाळेजवळचा स्पीडब्रेकर आला, माझ्या त्या खांबाच्या समोरचा. मी वेग कमी केला, तरी गाडी उचलली गेली आणि आम्ही दोघं सीटवर आदळलो.

मग तो म्हणाला, "स्पीडब्रेकर."

सायकलबद्दल वाद घालता येतो, कुत्र्याबद्दल येतो. बुडाखाली बसलेल्या दणक्याबद्दल कुणाशी वाद घालणार? त्याने मान वळवून मागच्या काचेतून रस्त्याकडे बघितलं. मग स्वतःच्या पायाकडे बघितलं. माझ्या गाडीत त्याच्या बाजूला ब्रेक नव्हता, तरी त्याचा पाय चटईवर दाबून धरलेला होता.

"बाजूला घे," तो म्हणाला.

मी गाडी बाजूला घेतली. शाळा सुटत होती. मुलं गाडीच्या दोन्ही बाजूंनी, पुढून, मागून चालली होती, आणि तो त्यांच्याकडे बघत होता, एकेकाकडे, ओठ हलवत. त्याला मोजता येत नव्हतं किंवा मोजून संपत नव्हतं. त्याने दोन्ही हात तोंडावर घेतले. माझा दादा रडताना मी पहिल्यांदा बघितला, आणि मला काय करावं ते सुचेना. मी हॅझर्ड लाइट लावले. त्यानेच शिकवलेलं होतं, थांबलो की लावायचे.

काकांकडे त्या दिवशी गेलो नाही. घरी आलो. भाची आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. तो दारात उभा राहिला. आत गेला नाही.

"त्या दिवशी तू माणूस म्हणालीस ना," तो म्हणाला, "ते वेळेवर म्हणालीस."

तिने मान वर केली नाही.

"शिकणाऱ्याचा पाय अडखळतोच. अडखळणारच. म्हणून तर माझा पाय तिथे असतो. तो उशिरा आला. आत्याने बघितलंय. तू काही चुकली नाहीस."

तिच्या हातातला टॉवेल खाली पडला. इतक्या दिवसांचं सगळं एकदम वर आलं. "मग तुम्ही सगळ्यांना का सांगितलंत? पोलिसांना, आईला, रोज जेवताना... बाबा, मी झोपले नाहीये! तुम्ही का म्हणालात वेळेवर दाबला?"

"मला तसंच वाटलं होतं."

"आणि आता?"

वहिनी माझ्या मागे येऊन थांबली होती, तिचा श्वास मला ऐकू येत होता.

"आत्तासुद्धा तसंच वाटतंय," दादा म्हणाला. "आठवून बघितलं की मी वेळेवरच दाबलेला दिसतो. म्हणून आता गाडी नको."

किल्ली त्याने खिशातून काढून तिच्या घड्यांच्या ढिगावर ठेवली. तिने ती उचलली नाही. वहिनीने ती कपाटावर ठेवली, काही दिवस तशीच पडून होती.

डॉक्टरणीकडे मी घेऊन गेले. तिने पडद्यावर ठिपके दाखवले, ठिपका आला की बटण दाबायला सांगितलं. तो डोळ्यांत तेल घालून बसला होता, आणि झाल्यावर मला हळूच म्हणाला, "छान झालं ना?" तिने रागावून काही सुनावलं नाही. सुनावलं असतं तर बरं वाटलं असतं. ती म्हणाली, विश्रांतीच्या दिवसांत ताण पडला, त्यात अपघाताचा धक्काही बसला. सुधारेल, बरेच जण सुधारतात. पण या वयात कधी आणि कितपत, ते सांगता यायचं नाही.

शिकाऊ गाडी विकली. घेणाऱ्याला जादा ब्रेक नको होता, तो काढून टाकला. मेकॅनिकने तो दादाच्या हातात दिला, आणि तो कुठे ठेवायचा हे न सुचून दादाने तो घरी आणला. डिकीचं झाकण मात्र विकण्याआधी वहिनीने दुरुस्त करून घेतलं. मेकॅनिकला काम करायला चहा प्यायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. ती ते बघत उभी होती.

भाचीने परत स्टिअरिंगला हात लावलेला नाही. कुणी आग्रहही करत नाही. संध्याकाळी ती बापाला फिरायला नेते, आता लॉन्ड्रीच्या गल्लीतूनच. काका दुकानात खुर्चीवर बसलेले असतात, कुबडी भिंतीला टेकवून. इस्त्री आता त्यांची सून करते. दोघं म्हातारे एकमेकांकडे बघून मान हलवतात.

परवा मीही त्यांच्याबरोबर होते. चौकात रस्ता ओलांडायचा होता. भाचीने त्याचा दंड धरला आणि ती मोठ्याने बोलायला लागली, येणारे-जाणारे वळून बघत होते तरी. "टेम्पो आहे बाबा, जाऊ द्या. स्कूटर. थांबा, सायकल येतेय."

तो थांबला. सायकल आली, आमच्या समोरून गेली आणि कोपऱ्यावर वळून दिसेनाशी झाली.

"सायकल," दादा म्हणाला.

"हो बाबा," ती म्हणाली, आणि त्याला घेऊन तिने रस्ता ओलांडला.